तात्याबांचा कॉम्प्युटर

चैत्रातल्या एका दुपारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी धनश्री शिरूरहून निमोण्याला गेली ती अगदी साध्या कामासाठी. तिथल्या पाणी संस्थेनं ईमेल आणि फायलींसाठी नवा सर्व्हर बसवला होता. पण एक ऑफिसातला आणि एक नदीकाठच्या पंपघरातला, असे दोन जुने कॉम्प्युटर त्यावरचं सामाईक फोल्डर उघडेनात. पाणी सोडायच्या पाळ्या त्याच फोल्डरात असत.

"पासवर्ड बरोबर टाकला तरी आत घेईना, ताई," सचिव जयसिंगआप्पा म्हणाले आणि खुर्चीतच पेंगू लागले.

बाहेर लिंब मोहरला होता. त्याचा कडवट-गोड वास पंख्याखाली संथ फिरत होता. कुठंतरी होला घुमत होता. धनश्रीचेही डोळे जडावले. दोष तिला लगेच सापडला. जुनी यंत्रं ज्या पद्धतीनं ओळख देत, ती पद्धत नव्या सर्व्हरनं धोक्याची म्हणून बंद ठेवली होती. तिनं ती चालू केली.

फोल्डर उघडलं. जोडलेल्या यंत्रांची यादी पडद्यावर आली. ऑफिस. पंपघर. आणि त्याखाली, तात्याबा.

"आप्पा, हे तात्याबा कोण?"

"पंपावर व्हते, वीस वर्सं." आप्पांनी डोळे किलकिले केले. "दोन वर्सं झाली त्यांना जाऊन... त्यांचा कॉम्प्युटर तर भंगारात दिला."

लिंबाचा वास विरला. खोलीत ओल्या गाळाचा वास भरला, विहिरीत वाकून पाहिल्यावर येतो तसा. फोल्डरात एक नवी फाईल उमटली. धनश्रीनं ती उघडली. आत एकच ओळ होती.

'शंभू खाली हाय. लाईट यायच्या आत ऑटो बंद करा.'

"शंभू...?"

"पंपावरचा गडी. जेवाया गेला आसंल..." आप्पांनी ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "तीनला लाईट येती, ताई. मोटार ऑटोवर हाय... लाईट आली की आपसूक सुरू हुती."

तीनला आठ मिनिटं होती. शंभू फोन उचलेना. धनश्रीनं स्कूटर काढली, आप्पा मागं बसले. ऊन एवढं पांढरं होतं, की रस्ता तरंगल्यासारखा वाटत होता.

पंपघरात शिरताच आप्पांनी मोटारीची कळ खाली ओढली. लगेच भिंतीवरचा दिवा लागला. लाईट आली होती. मोटार गप्पच राहिली.

पंपघराखालच्या विहिरीत, कमरेएवढ्या पाण्यात, शंभू मोटारीच्या पाइपाच्या तोंडात हात घालून गाळ काढत होता.

"कुणाला सांगून उतरलास रं?" आप्पा ओरडले.

"कुणालाच न्हाई, आप्पा..." त्यानं वर पाहिलं. "ऑटो बंद करायचं ध्यानातच न्हाई राहिलं."

दोघं ऑफिसात परतली तेव्हा यादीत दोनच नावं होती. आप्पांनी पडद्याला हात जोडले. "ती जुनी पद्धत... चालूच ऱ्हाऊ द्या, ताई."

धनश्रीनं होकारार्थी मान डोलावली. फोल्डर बंद करता करता तिचा हात थांबला. त्या फाईलखाली आणखी एक आली होती. तिचं नाव म्हणजे नुसती तारीख, येत्या गुरुवारची.

"काय लिवलंय?" आप्पांनी हळूच विचारलं.

सर्व्हरचे सगळे अधिकार धनश्रीच्या हाती होते. ती फाईल उघडायला गेली, तसा पडद्यावर चौकोन आला.

'ही फाईल पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही.'