धारमाळचा बेलभंडार

वैशाखातली पहाट फुटत होती आणि धारमाळ किल्ला धुरकट उजेडातून हळूहळू वर येत होता. आधी बालेकिल्ल्यावरचं निशाण, मग नगारखान्याचं छप्पर, मग तटाची काळी रेघ, आणि सर्वांत शेवटी दक्षिणेचा बुरूज, ज्याच्या पायाशी बादशाही बेलदारांनी महिनाभर खपून सुरुंग नेऊन ठेवला होता. गोंदजी निवंगुणे अकरा वर्षं या किल्ल्याचा सरनोबत होता. तटावरच्या पहाऱ्याचा, शिबंदीचा, हत्यारांचा सारा भार त्याच्यावर, त्यामुळे किल्ल्यावरून खालचा मुलूख त्यानं हजार वेळा पाहिला होता; पण खालून, शत्रूच्या गोटात उभं राहून, पायात बेडी घेऊन आपला किल्ला पाहण्याची पाळी त्याच्यावर आताच आली होती. खालून तो फारच लहान दिसत होता.

गोंदजी ओलीस होता. नऊ दिवसांपूर्वी किल्ल्यानं तहाचं बोलणं लावलं, तेव्हा वेढ्याचा सरदार शादाबखान यानं हमी म्हणून किल्ल्यावरचा एक मातबर माणूस मागितला, आणि किल्ल्याचा सारा कारभार पाहणाऱ्या हवालदार मुधोजी दरेकरांनी गोंदजीला खाली धाडलं. हे बोलणं निव्वळ खोटं होतं. घाटमाथ्यावरून स्वराज्याची फौज निघाली होती आणि अमावास्येच्या सकाळी ती खानाच्या पिछाडीवर पडणार होती. तोवर बोलणी लांबवायची, एवढंच काम. ही मसलत तिघांनाच ठाऊक होती: मुधोजींना, कागदपत्रं पाहणाऱ्या सबनीस गिरमाजीपंतांना आणि गोंदजीला. फौज आली म्हणजे ओलिसाचं काय होणार, हे गोंदजीनं विचारलं नाही आणि मुधोजींनीही सांगितलं नाही. दोघेही जाणते होते.

किल्ल्यावर चारशे जीव होते. त्यांत गोंदजीची बायको सगुणा होती, आणि तिला सहावा महिना लागला होता.

त्या सकाळी खानानं गोंदजीला डेऱ्यात बोलावलं. शादाबखान साठीचा, थकलेला, दाढदुखीनं बेजार माणूस. गालात लवंग धरून तो बोले, म्हणून त्याचं रागावणंही अर्धवट ऐकू येई. शेजारी जगदेवराव पवळे उभे होते. हे देशावरचे देशमुख. वतन राखायचं म्हणून बादशाही चाकरीत गेलेले, आणि आपल्या लोकांशी बोलणं करायचं असलं की खान त्यांनाच पुढे करी.

"नऊ दिवस झाले," खान म्हणाला. "पहिल्या दिवशी तुम्ही घोड्यांचं विचारलंत. मग बायकांच्या डोल्यांचं. मग देवाच्या दागिन्यांचं. काल तुमचा माणूस कोंबड्यांचं विचारून गेला. उद्या सकाळी मी सुरुंगाला बत्ती देणार."

गोंदजीनं मनात दिवस मोजले. अमावास्या चौथ्या दिवशी होती. सुरुंग उद्या उडाला तर बुरूज खाली येणार, फौज आत शिरणार, आणि चौथ्या दिवशी येणाऱ्या मदतीला सोडवायला कोणी उरणार नव्हतं.

"खानसाहेब, किल्ल्यावर दुमत आहे," तो म्हणाला. "हवालदार मनवतायत. अमावास्येच्या सूर्योदयाला दरवाजा उघडेल. तीन दिवसांनी आपलं काय बिघडणार आहे?"

"तू खरं बोलतोस कशावरून?"

त्याचं उत्तर जगदेवरावांनी दिलं. "हुजूर, हे अमावास्या म्हणतात ना? मग बेलभंडार उचलू द्या. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर बोलू द्या."

खान हसला आणि दाढ कळवळली म्हणून लगेच थांबला. "पाला आणि हळद! यावर मी फौज थोपवू?"

"हुजूर, आमच्यातला माणूस वतनासाठी सख्ख्या भावाचा गळा कापील, आणि कापतोही. पण खोटा बेलभंडार उचलणार नाही. त्याचा वंश बुडतो." जगदेवरावांनी पागोट्याला हात लावला. "मी जामीन राहतो. अंतर पडलं तर माझं मस्तक आपलं."

"मंजूर," खान म्हणाला.

जगदेवरावांच्या स्वारीबरोबर त्यांचे घरचे देव असत. त्यांनी स्वतः आंघोळ केली, गोंदजीलाही करायला लावली, आणि चौरंगावर खंडोबाचा चांदीचा टाक मांडून त्यापुढे बेल आणि भंडारा ठेवला. गोंदजी समोर बसला. मागे जायला वाट नव्हती आणि पुढे जायची हिंमत होत नव्हती. न उचलावा तर उद्या बुरूज पडणार, आणि सगुणा त्या बुरुजापासून शंभर पावलांवर राहत होती. उचलावा तर ज्या जिवासाठी उचलायचा, त्याच अजून जन्माला न आलेल्या जिवावर शपथ बसणार. लढाईत तो कधी घाबरला नव्हता. आज मात्र भंडारा सांडेल म्हणून त्यानं तळहाताखाली दुसरा तळहात धरला.

"बोला, गोंदजीराव," जगदेवराव हळू आवाजात म्हणाले.

"अमावास्येच्या सूर्योदयाला धारमाळ किल्ला खानसाहेबांच्या हवाली होईल," गोंदजी म्हणाला. "यात अंतर पडलं तर माझा वंश बुडो."

मग खानानं कुराणावर हात ठेवून शब्द दिला, की तोवर सुरुंगाला बत्ती लागणार नाही आणि किल्ला खाली झाल्यावर कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही. खानानं आपल्या वाट्याचा शब्द अमावास्येच्या सूर्योदयापर्यंत पाळला, हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे आपल्या लोकांनी ही गोष्ट सोयीनं विसरून टाकली.

जगदेवरावांनी लोहाराला बोलावून गोंदजीची बेडी तोडायला लावली. "बेलभंडार उचललेल्या माणसाला बेडी कशाला?" ते म्हणाले. त्यांनी त्याला आपल्या राहुटीत आणलं.

ते तीन दिवस गोंदजीला बेडीतल्या नऊ दिवसांहून जड गेले. बेडी होती तेव्हा निदान शिव्या तरी देता येत होत्या. आता जगदेवराव त्याला आपल्या पंक्तीला बसवून वाढायला लावत, त्याच्या ताटात तूप पडलं की नाही ते पाहत, आणि जेवताना घरच्या गोष्टी सांगत.

"माझा थोरला स्वराज्य-बादशाहीची ही लढाई सुरू झाली त्या साली जन्मला," ते एकदा म्हणाले. "आता त्याला मिसरूड फुटलंय. परवा मला विचारतो, आबा, लढाई नसते तेव्हा माणसं दिवसभर करतात तरी काय? मला सांगताच येईना हो."

"तुम्ही तिकडे का गेलात, राव?" गोंदजीनं न राहवून विचारलं.

"चुलतभाऊ स्वराज्यात गेला, त्याला माझं वतन लिहून मिळालं. मग मला दुसरी वाट कुठली? उद्या तो इकडे आला की मी तिकडे येईन." ते हसले. "खा, खा. लाजताय काय?"

 सगळं सांगून टाकावं, राव, जामिनकीतून अंग काढून घ्या म्हणावं, असं गोंदजीच्या दर जेवणाला ओठांवर येई. पण सांगितलं की चारशे माणसं मेली. त्यानं मान खाली घालून भाकरी संपवली.

अमावास्येला सूर्य डोंगराच्या कडेवर आला तेव्हा सारी छावणी किल्ल्याच्या दरवाजाकडे तोंड करून उभी होती. पाच-सहा महिन्यांचा वेढा संपणार म्हणून बाजारबुणगेसुद्धा टेकाडावर चढून बसले होते. आणि अशी सगळ्यांची पाठ फिरलेली असतानाच मागच्या खिंडीतून धुरळा उठला, पहिल्यांदा घोड्यांच्या टापा आणि मग हर हर महादेव ऐकू आलं. तिकडे माणसं वळतात न वळतात तोच किल्ल्याचा दरवाजा उघडून शिबंदी खाली कोसळली आणि थेट सुरुंगाच्या तोंडावर गेली. दोन्हीकडून कात्रीत सापडलेली छावणी घटकाभरात उधळली.

राहुटीच्या दाराशी जगदेवराव आणि गोंदजी एकमेकांसमोर उभे होते. जगदेवरावांचा हात तलवारीच्या मुठीवर होता. गोंदजी निःशस्त्र होता, आणि त्यांनी वार केला असता तर त्यानं तो चुकवलाही नसता.

"तुम्ही बेलभंडार उचलला होता," जगदेवराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजत नव्हतं.

"राव, माझ्याबरोबर चला. आत्ता. घोडी समोर आहेत. खान तुम्हाला सोडणार नाही."

"मी जामीन आहे."

"कसली जामिनकी! माझा शब्दच खोटा होता!"

"तुमचा होता," जगदेवराव म्हणाले. त्यांनी मुठीवरचा हात काढला आणि ते खानाच्या डेऱ्याकडे चालत गेले. गोंदजीनं त्यांना दोनदा हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही. मग त्यानं एक घोडा सोडवून घेतला आणि तो आपल्या माणसांत जाऊन मिळाला.

धारमाळ वाचला. दरबारातून गोंदजीला सोन्याचं कडं आलं, मुधोजींनी भर सदरेवर त्याला मिठी मारली, आणि किल्ल्यावर ज्यानं त्यानं त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. माघारी जाताना तिसऱ्या मुक्कामावर खानानं जगदेवरावांचं मस्तक उडवल्याची खबर आठवड्यानं आली. भाद्रपदात सगुणेला मुलगी झाली. गोंदजीनं महिनाभर तिला हातात घेतलं नाही. पोरगी शिंकली तरी हा पांढराफटक पडे, आणि सगुणेला कारण सांगायची त्याची छाती होत नसे.

पण खरा फटका पुढच्या उन्हाळ्यात बसला. त्याच शादाबखानानं हरणटेक नावाच्या दुसऱ्या किल्ल्याला वेढा घातला. तिथली रसद खरोखरच संपली. तिथले लोक खरोखरच किल्ला द्यायला तयार झाले, दोन दिवसांची सवड मागितली आणि हातात बेलभंडार घेऊन खाली उतरले. खानानं ती पानं पायाखाली घातली आणि त्याच दिवशी सुरुंग उडवला. शंभरावर माणसं गेली. बातमी मावळात पसरली तशी गोंदजीकडे पाहायची लोकांची नजर बदलली. आणि त्यांच्याआधी त्याची स्वतःची बदलली होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी जगदेवरावांची विधवा लाडूबाई आंबेखिंडीच्या गोतसभेपुढे उभी राहिली. शत्रूच्या मुलखातून बैलगाडीनं, सोबतीला एक म्हातारा गडी घेऊन ती आली होती, आणि तिची फिर्याद गोंदजीवर होती. देवळाच्या मंडपात पाटील, देशमुख, बलुतेदार असे चाळीसेक जण निवाड्याला जमले. त्यांतल्या निम्म्या लोकांची बायकामुलं त्या वेढ्यात धारमाळवर होती. गिरमाजीपंत कागद पुढे घेऊन बसले.

मुधोजी आधी बोलले. "हुकूम माझा होता. दोष द्यायचा तर मला द्या."

"दोष कसला?" धाकोजी पाटील म्हणाले. "लढाईत शत्रूला फसवतातच. शिवाय दरवाजा उघडेल असं म्हणाले, तर दरवाजा त्या दिवशी उघडलाच होता की!" काही जण हसले. पाटलांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"बाई, तुम्हाला काय पाहिजे?" सभेचे म्होरके असलेल्या देशमुखांनी विचारलं. "जमीन हवी असेल तर बोला. दरबारी शब्द टाकू."

लाडूबाईनं पदर सावरला. "जमीन नको. त्यांचं डोकंही नको. आमच्या गावात लोक मला म्हणतात, तुझा नवरा खुळा होता, पानाला आणि हळदीला भुलून जीव घालवला. माझी मुलं ते ऐकतात. मला एवढंच सांगा, बेलभंडारावर विश्वास ठेवणारा माणूस खुळा असतो का? तुम्ही लिहून द्या. काय ते एक लिहून द्या."

 गोंदजीला सोडावं तर जगदेवराव खुळे ठरत होते, हरणटेकचे लोक खुळे ठरत होते, आणि उद्या या चाळीसांतल्या कोणाचीही शपथ फुकट होती. गोंदजीला धरावं तर घरी बायकामुलांना काय तोंड दाखवायचं? देशमुख कधी पाटलांकडे पाहत, कधी छताकडे.

गोंदजी उठला.

"बाई, ते खुळे नव्हते," तो म्हणाला. "मी खोटा होतो. दरवाजाबिरवाजा काही नाही, मी किल्ला हवाली करायची शपथ घेतली होती, आणि घेतानाच ती खोटी आहे हे मला ठाऊक होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन, तेही सांगतो. पण खोट्याला खोटं म्हणा. पंत, लिहा."

"सरनोबत, याचा अर्थ कळतोय का?" देशमुख म्हणाले. "गोतानं खोटं ठरवलेल्या माणसाची साक्ष चालत नाही. शेताच्या बांधावर नाही, सोयरिकीत नाही, कुठंच नाही. मरेपर्यंत."

"कळतंय. लिहा."

गिरमाजीपंतांनी निवाड्याचा महजर लिहायला घेतला. तिघांनी मिळून केलेली मसलत एकट्याच्या नावावर घालताना त्यांची लेखणी दोनदा अडली, पण त्यांनी निवाडा पुरा केला आणि वाचून दाखवला. मग एकेक जण पुढे येऊ लागला. कुणब्यांनी सहीऐवजी नांगराची निशाणी केली, शिपाईगड्यांनी कट्यारीची. मुधोजी आले तेव्हा डोळे भरून आल्यानं त्यांना दिसेनासं झालं होतं. पंतांनी त्यांचं बोट धरून जागा दाखवली. मंडपात वारा भरला होता, आणि कागद उडू नये म्हणून त्याची दोन्ही टोकं गोंदजीनंच दाबून धरली होती.

शेवटचा माणूस झाल्यावर गोंदजीनं सवयीनं लेखणी उचलली आणि खाली आपली कट्यारीची निशाणी काढायला हात पुढे केला. गिरमाजीपंतांनी कागद हलकेच ओढून घेतला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"राहू द्या, राव," ते म्हणाले. "तुमची निशाणी आता चालत नाही."