मेन खाली करतोय

पूर्वी, तो मोबाइल उलटा ठेव. उजेड तोंडावर पडला की गोष्टीची मजा जाते. आणि अजित, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

ही ऐकीव नाही. आपल्या घोडपदेवच्या धम्मपालची आहे. तो कॉम्प्युटरची कामं करतो, आणि भुताखेताचं नाव काढलं की समोरच्याची टर उडवतो. रात्र सहा नोव्हेंबर दोन हजार पंचवीसची, गुरुवारची. पौर्णिमा आदल्या दिवशी होऊन गेलेली, म्हणजे अमावास्येच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नाही.

परळला एका ट्रस्टच्या इमारतीत तळमजल्यावर अभ्यासिका आहे. गिरणी गेली तरी गिरणीवाल्यांची पोरं तिथे बसून परीक्षा देत राहिली. धम्मपाल तिथेच शिकला, आता त्याची धाकटी बहीण प्रिती तिथे बसायची. ट्रस्टला ती खोली एका साडीवाल्याला गोदामासाठी द्यायची होती, फक्त निमित्त हवं होतं. ते मिळालं. तिथल्या दहा कॉम्प्युटरांना चालवणारं मोठं मशीन बंद पडलं. मशीन बंद तर खोली कशाला, असं ट्रस्टी म्हणाले. धम्मपाल तोंडावर म्हणाला, "शुक्रवारी अकराला या. चालू नसेल तर किल्ली तुमच्या हातात देतो."

मशीनमध्ये नवीन लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली, घालायचं होतं. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर तो तिथे गेला तेव्हा नऊ वाजून गेले होते. मशीनला स्वतःचा पडदा नाही. आणि दहानंतर आत कोणी सापडलं तर खोलीला सील, ही ट्रस्टची धमकी. मग त्यानं वेगळी वाट काढली. पेन ड्राइव्ह लावला आणि मशीनला सांगून ठेवलं, की तू चालू झालंस की माझ्या घरच्या लॅपटॉपला हाक मार. इन्स्टॉलचं चित्र तिकडे दिसणार, माउस तिकडून फिरणार, काम इकडे होणार.

आता इथे एक चूक झाली. ती कळायला भिवाबाबा माहीत हवेत.

भिवाबाबा त्या अभ्यासिकेचे राखणदार, मागच्याच वर्षी गेले. फार पूर्वी तिथे रात्री वायर जळून अर्धी पुस्तकं खाक झाली होती, विझवताना बाबांचा हात भाजला. तेव्हापासून त्यांचा नेम. दहाला दारात उभं राहायचं आणि तीनदा विचारायचं, "आत कोण आहे? मेन खाली करतोय." उत्तराची वाट बघायची. मग मेन स्विच खाली. बाबा गेले तरी जो शेवटी निघेल तो हे करायचाच.

त्या रात्री मेन चालू ठेवणं भागच होतं. मग विचारायचं तरी कशाला? धम्मपालनं गुपचूप कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि चोरासारखा निघाला.

घरी आला. लॅपटॉप उघडला. चित्र काही येईना. घरच्या राउटरमधून वाट आधीच काढून ठेवलेली, मग अडतंय कुठे? पासवर्ड बघितला, ठीक. नंबर बघितला, ठीक. प्रिती चहा ठेवून गेली, तो गार झाला. शेवटी डोक्यात प्रकाश पडला. मशीन बिचारं केव्हापासून हाका मारतंय, आणि लॅपटॉपची फायरवॉल त्याला दारातूनच परत पाठवतेय. त्यानं तेवढी एक वाट मोकळी केली.

पुढच्या हाकेला चित्र उभं राहिलं.

प्रितीला बरं वाटलं. ती शेजारी येऊन बसली. भाषा निवडली, डिस्क निवडली. खाली दोन बटणं आली. एक काम सुरू करायचं, एक सगळं सोडून बाहेर पडायचं. धम्मपालनं माउसचा बाण सुरू करायच्या बटणाकडे नेला.

बाण मागे फिरला.

त्याला वाटलं, नेट रखडलं. परत नेला. परत फिरला. हळू. थांबत थांबत. बाहेर पडायच्या बटणाकडे...

"दादा, माउस सोड ना."

"कधीचा सोडलाय."

दोन्ही हात मांडीवर होते. बाण चालत होता.

दुसरं कोणी घुसलंय का, हे त्यानं आधी तपासलं. भुताआधी चोर बघावा, हे त्याचं बरोबरच. कोणी नव्हतं. तिकडून एकच जोडणी, ती त्या मशीनची.

मग त्याचं लक्ष बाणाच्या चालीकडे गेलं. थोडा सरकायचा. थांबायचा. उडी मारायचा.

भिवाबाबांना त्यानंच माउस शिकवला होता. बाबा तो टेबलावरून उचलायचे. तो म्हणायचा, बाबा, उचलायचा नाही, सरकवायचा. ते पुन्हा उचलायचे.

प्रितीनं त्याचा दंड धरला. तिलाही कळलं होतं.

बटण दाबलं गेलं. चौकट आली. नक्की बाहेर पडायचं? हो. नाही.

बाण 'हो'कडे निघाला...

पोरांनो, दुसरा कोणी असता तर त्यानं लॅपटॉप मिटून कानापर्यंत पांघरूण ओढलं असतं. धम्मपालच्याही अंगावर काटा आला. पण त्याला भीतीपेक्षा राग जास्त आला. दिवसा ट्रस्टी आडवे, रात्री आपलेच बाबा आडवे! तो पडद्याजवळ तोंड नेऊन बोलला.

"भिवाबाबा, न विचारता कुलूप लावलं, ही माझी चूक. पण मशीन आज बंद होणार नाही. उद्या तिथे साड्यांचे गठ्ठे पडले तर दारात उभं राहून तुम्ही विचारणार कोणाला?"

बाण थांबला.

तिघंही थांबली, असं प्रिती सांगते. तिघं...

"तुम्ही हात जाळून घेतलात त्या खोलीसाठी. मी मागे हटणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा."

खालच्या रस्त्यावर कुत्रं भुंकत होतं.

मग बाणानं उडी मारली. 'नाही'वर. चौकट गेली. बाण कोपऱ्यात जाऊन पडला, आणि धम्मपालनं माउस हलवला तेव्हा मुकाट त्याच्या हाताबरोबर आला. त्यानं सुरू करायचं बटण दाबलं. चित्र एकदा मिटलं, डोळा मिटावा तसं. लगेच उघडलं. हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. उजाडेपर्यंत दोघं बघत बसली. काम पूर्ण झालं.

अकराला ट्रस्टी आले. दहाच्या दहा कॉम्प्युटर चालू बघून त्यांची तोंडं एवढीशी झाली. खोली राहिली, अजून आहे. प्रिती आजही तिथेच बसते.

पण हे अकराचं झालं. त्याआधी सकाळी बहीणभावांनी कुलूप उघडलं, ते सांगायचं राहिलं.

कुलूप जसंच्या तसं. किल्ली रात्रभर धम्मपालच्या खिशात. आत जाऊन प्रितीनं ट्यूबचं बटण दाबलं. लागली नाही. पंख्याचं दाबलं. फिरला नाही. अंधारात कोपऱ्यात मशीन मात्र घुमत होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला. इन्व्हर्टर-बिन्व्हर्टर काही नाही रे अजित, विचारूच नकोस. सगळ्या खोलीची वीज त्या एका मेनवरून.

धम्मपालनं मोबाइलचा उजेड भिंतीवर धरला.

मेन खाली केलेला होता.