आलोच

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवून द्यायची मला हौस नाही, आणि आता तेवढं बळही नाही.

एका छोट्या विमानतळावर मी काउंटर सांभाळतो. एक धावपट्टी, एक वजनकाटा, टेबलावर एक फोन. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, पार्सलचं छोटं विमान चालवायचे. पलीकडचं विमानतळही असंच, चिमूटभर. रस्त्याने घाट ओलांडून गेलं तर पाच तास. विमानाने चाळीस मिनिटं.

"तुझ्या ताईचं एक वाक्य संपेपर्यंत मी पोचलेला असतो," भाऊजी म्हणायचे.

तिकडून निघताना ते मला फोन करायचे. एकच शब्द, "आलोच!" मग मी ताईला कळवायचो आणि ती त्या बेताने चहा टाकायची. इथे उतरले की ते तिकडे फोन करायचे, "पोचलो." दोन्ही फोन त्यांनीच करायचे, अशी पद्धतच पडून गेली होती.

त्या दिवशी धुकं होतं. वायरलेस सकाळपासून बंद. विमान उशिरा निघणार, एवढंच मला माहीत होतं.

चार वाजता फोन वाजला.

"आलोच."

आवाज भाऊजींचाच. पण त्यामागे काहीच नव्हतं... ना इंजिन, ना माणसं, ना वारा.

मी ताईला कळवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

चाळीस मिनिटं झाली. तास झाला.

आकाशात काहीच नाही...

मी तिकडे फोन लावला. तिकडचा काउंटरवाला हसायलाच लागला.

"चेष्टा करताय का राव? विमान तीनलाच उडालं. पोचल्याचा फोनपण आला की!"

"कुणाचा?"

"त्यांचाच. चार वाजता. 'पोचलो' म्हणाले."

मी साहेबांना सांगितलं. शोध सुरू झाला. मी ताईकडे निघालो. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

दार उघडंच होतं.

टेबलावर दोन कप. ताईचा भरलेला. दुसरा... रिकामा.

"उशीर केलास," ताई म्हणाली. "हे आत्ताच येऊन गेले."

"कोण?"

"कोण म्हणजे काय? तुझे भाऊजी! चहा घेतला, पण तोंडातून शब्द नाही. दारात गेल्यावर म्हणाले, 'जातो.' मी म्हटलं, अहो, असं काय बोलता, 'येतो' म्हणा. तर नुसते बघत राहिले."

मी रिकाम्या कपाला हात लावला.

कोमट होता.

विमान सापडलं नाही. भाऊजीही नाहीत. लोक येतात, काहीबाही बोलतात. ताई ऐकून घेते आणि पुन्हा मलाच विचारते, "फोन आला का रे? या वेळी 'येतो' म्हटल्याशिवाय सोडायची नाही मी त्यांना."

मी नाही म्हणतो.

पण फोन येतो. काउंटरवरचा तो फोन रोज चारला वाजतो. साहेब म्हणतात, लाइन खराब आहे. असेल.

मी समोर बसून असतो. उचलत नाही. उचलला तर ताईला चहा टाकायला सांगावं लागेल.

आणि या खेपेलाही ते 'जातो'च म्हणाले तर...?