बायांच्या डोहावर सदतीस नंबर

साहेब, तुम्ही चोरून बघितलं.

तुमचे डोळे तिथं नव्हते, तुमचा कॅमेरा होता. पण तो डोहाकाठच्या उंबराला बांधायचा हुकूम तुमचाच होता. वाघ मोजायला बांधला म्हणता. चार दिवसांत त्याच्यासमोरून एकही वाघ गेला नाही. मी गेले. चारही दिवस, दुपारी दोनच्या सुमारास, अंगावर एक धागा नसताना.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळंच लिहिते. कारण तुमच्या त्याच कॅमेऱ्यापायी मला एक माणूस भेटला… आणि त्याचं तुम्ही काय केलंत, ते पुढं येईलच.

मी नूतन. आरमोरीची. वय सत्तावीस, मुलचेरा तालुक्यातल्या एका जंगलगावात उपकेंद्राची नर्स. लहानपणापासून मी अंघोळ परकर बांधून केली. दार बंद, कडी लावलेली, वर पत्रा, तरी परकर. आईनं तसंच शिकवलं, तिला तिच्या आईनं. चंद्रपूरच्या होस्टेलात एक बादली आणि बाहेर रांग. माझं स्वतःचं अंग मी धड कधी बघितलंच नव्हतं, आणि लोकांची अंगं तपासायची नोकरी मात्र लागली.

गावात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सोमारी मला नदीवर घेऊन गेली. सोमारी म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. नदीच्या वळणावर बायांचा डोह आहे. तिथं सत्तरीची मंगली आत्या होती, दोन लेकुरवाळ्या होत्या, आणि सगळ्यांनी कपडे काढून दगडावर ठेवले होते. सगळे. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, कुणी काही लपवत नव्हतं. गोष्टी चालल्या होत्या लसणाच्या भावाच्या. मी परकर घट्ट धरून काठावर उभी. सोमारीनं पाण्यातूनच विचारलं, "बाई, आंग धुवाले आली का परकर?"

त्या दिवशी परकर सोडला तो सोडलाच. पाणी पाठीवरून, पोटावरून सरकलं आणि वाटलं… इतकी वर्षं हे कुणी अडवून धरलं होतं? यात कुणी रानटी नाही, कुणी धीट नाही. ऊन, पाणी आणि माणूस, बस्स.

डोहाकडं जायच्या पायवाटेवर तेंदूचं झाड आहे. पाण्यात उतरण्याआधी फांदीवर ओढणी नाहीतर पदराचं फडकं टांगायचं, म्हणजे येणाऱ्या पुरुषाला कळतं. हे सोमारीनं मला सांगितलं होतं. त्यापुढचं सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

त्या बुधवारी ती बाजाराला गेली होती. मी एकटीच होते, ओढणी फांदीवर टांगलेली. पाण्यावर उताणी पडून डोळे मिटले होते, आणि टक् टक् टक् आवाज आला. सुतारपक्षी असेल म्हणून सोडून दिलं. पुन्हा टक् टक् टक्. मग एक खोकला. सुतारपक्षी खोकत नाही.

हनुवटीपर्यंत बुडाले आणि झुडपांतून बघितलं. तेंदूजवळ एक पाठ उभी होती. विटलेला हिरवा शर्ट, खांद्यावर कुऱ्हाड, मानेवर ताजे कापलेले केस. तोंड पलीकडं. तो जाईल म्हणून मी वाट बघत राहिले. तो जाईना. बोटं सुरकुतली, मासे पायाच्या अंगठ्याला तोंड लावायला लागले, तरी पाठ तिथंच. मधूनच कुऱ्हाडीचा दांडा झाडावर आपटायचा आणि पुन्हा उभा राहायचा. शेवटी मीच ओरडले, काय पायजे म्हणून.

पाठ दचकली, पण वळली नाही.

"जित्ती हाय का तुमी?"

"नाई. भूत हाय."

"मंग भुतानं तरी पान्यावर थाप माराची ना. अर्धा घंटा झाला, उभाच हाय मी."

"काऊन उभा हाय? जा ना."

"जाता नाई येत. ठोकलं का जबाब घ्याच लागते."

मग त्यानं झाडाकडं तोंड करून मला अख्खी रीत समजावली. पुरुषानं तीनदा ठोकायचं आणि पाठ करायची. बाईनं पाण्यावर एक थाप मारली तर थांब, दोन मारल्या तर जा, आम्ही सावरलो. थापच नाही आली तर सोडून जाता येत नाही, कारण आतली बुडाली बिडाली असेल तर? आणि वळूनही बघता येत नाही, कारण बुडाली नसेल तर? असा बिचारा मध्येच अडकला होता. मला इतकं हसू आलं की नाकात पाणी गेलं. मग मी खोकले, आणि त्या पाठीनं काळजीनं विचारलं, "भुताले ठसका लागते का जी?"

मी काठावर येऊन कपडे चढवले. कुठं जायचंय विचारलं. त्याचं नाव इसरू, याच गावचा, वनखात्याच्या कॅमेऱ्यांवर रोजीनं कामाला. पुतणीच्या लग्नासाठी आठ दिवस सुट्टीवर होता, तेवढ्यात शहरातून आलेल्या माणसांनी कॅमेरे बांधले. सदतीस नंबरच्या कॅमेऱ्याचं कार्ड काढायचं होतं, पुढं नाल्याच्या तोंडाशी असेल म्हणाला. हातातलं जागा दाखवणारं यंत्र बघत होता, ठिपका जुळवत होता. आणि मग त्याची मान एकदम थांबली.

"तुमी… कपडे घातले का?"

"घातले."

तेव्हा तो वळला. माझ्याकडं बघितलंच नाही, उंबराकडं बघितलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर, पानांच्या रंगाची पेटी. भिंग सरळ पाण्याकडं. नकाशावरचा ठिपका डोहावर पडला म्हणून कुणीतरी इथंच बांधून टाकली होती. बायांचा डोह नकाशात नसतो ना.

किती दिवस झाले बांधून, मी विचारलं. चार दिवस. आणि मी एकटी नव्हते, मंगली आत्या होती, सोमारी होती. रागानं मी त्याच्यावरच ओरडणार होते, पण त्याचा चेहरा बघितला. मी त्याचा चेहरा पहिल्यांदा बघितला तेव्हा तो रडायच्या बेतात होता. गालावर बारकी खळी, पापण्या लांब, आणि ओठ असे दाबलेले की आपणच म्हणावं, राहू दे रे बाबा.

त्यानं पेटी उघडली, नखाएवढं कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे तुमचं हाय. मी पायलो नाई. पायनार बी नाई."

ऑफिसात काय सांगशील म्हणून विचारलं. म्हणाला, हरवलं म्हणीन.

"लबाड बोलता येते का तुले?"

त्यानं बराच विचार केला. "नाई. पन शनिवारपर्यंत टाइम हाय… शिकतो."

साहेब, प्रेमात पडायला याहून जास्त काय लागतं, मला माहीत नाही.

गुरुवारी तो उपकेंद्राच्या व्हरांड्यात आला. लबाडीचा सराव करायचा म्हणे. मी साहेब झाले, तुम्ही झाले, टेबलावर पेन आपटत विचारलं, कार्ड कुठं गेलं. वांदरानं नेलं, म्हणाला. मी विचारलं, कोणत्या वांदरानं?

"लाल तोंडाच्या."

"आपल्याकडं लाल तोंडाचे वांदरं हायेत का?"

"…नाई."

"मंग?"

"मंग पाहुना आला असन."

बीपीच्या मशीनचा पट्टा हातात तसाच राहिला, मी खाली बसून हसले. तोही हसला. खळी खरंच होती.

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा डोहावर गेले. सोमारीनं मला आधीच टोमणा मारला होता, आज लई साबण घेतला म्हणून. पेटी त्यानं दगडाकडं फिरवून ठेवली होती. मी पाण्यात, आणि टक् टक् टक्. मी एकच थाप मारली. थांब. तो थांबला. पाठमोरा, तेंदूला टेकून.

"नर्सबाई, एवढा येळ पान्यात काय करता जी?"

मला धड सांगता येईना. आपल्या अंगाला आपण कधी सोडतच नाही, म्हटलं. दिवसभर ते झाकायचं, आवरायचं, कुणाच्या नजरेतून वाचवायचं… इथं ते नुसतं असतं. माझं असतं. पानगळीचे दिवस, सागाचं एक मोठं पान खरखरत खाली आलं तेवढाच आवाज.

"मले समजते," तो म्हणाला. "खालच्या डोहात आमी मानसं बी तसेच जातो. मी तं सांजच्याले एकटाच जातो. पाठीवर पडून ऱ्हायतो… आभाळ दिसते."

"एखांद्या दिवशी—" मी म्हणाले, आणि पुढचं पाण्यातच राहिलं.

तेंदूखाली कुऱ्हाड धाडकन पडली. ती उचलायला तो वाकला, पण वळला नाही. त्याचे कान मागून लालबुंद दिसत होते. मी दोन थापा मारल्या, तेव्हा कुठं त्याची सुटका झाली.

शनिवारी तुमच्या ऑफिसात यायला मी त्याच्या मोटरसायकलवर मागं बसले. रात्रभर विचार केला होता. लबाडी त्यानं का करावी? चूक त्याची नव्हती. माझी तर नव्हतीच. कार्ड माझ्या मुठीत होतं.

तुम्ही म्हणालात, डाटा सगळा वर पाठवावा लागतो, काढता येत नाही. मग म्हणालात, उघड्यावर तसं जायलाच नको होतं, शिकलेल्या बाई तुम्ही. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या कॅमेऱ्यात सांबर बी तसंच येते. त्याले बी सांगता का परकर बांध म्हणून?" कोपऱ्यातला शिपाई हसला आणि तुमच्याकडं बघून गप्प झाला. मी सांगितलं, बायांचे फोटो बाईच्या हातानं, माझ्यासमोर पुसले जातील, नाहीतर हे कार्ड घेऊन मी सरळ पोलीस ठाण्यात जाते. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि करिश्माला हाक मारलीत.

करिश्मा तुमच्याकडं कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी, चोविसेक वर्षांची. तिनं पडदा भिंतीकडं वळवला, तुम्हाला बाहेर जायला सांगितलं. मोर, रानडुकरं, पुन्हा मोर. मग आम्ही. मंगली आत्या पाण्यात बसून आभाळाकडं तोंड करून हसत होती. सोमारी केस पिळत होती. आणि एक बाई काठावर हात पसरून उभी, उन्हात, डोळे मिटून. ती मी आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. मला तिची लाज वाटली नाही, साहेब. हेच सांगायचं होतं. पण तो फोटो माझ्या हातात असायला हवा होता, तुमच्या यादीत नाही.

करिश्मानं एकेक करून सगळे पुसले. शेवटच्या फोटोवर तिचं बोट थांबलं. हळूच म्हणाली, "पानी लय थंड असते का जी?" मी म्हटलं, ये एकदा. तिनं ओठ चावला आणि पुसून टाकला.

बाहेर आले तर इसरू गाडीजवळ उभा. तेवढ्या वेळात तुम्ही त्याला सांगून टाकलं होतं, सोमवारपासून येऊ नको. कागद नाही, कारण नाही.

परतीला जंगल सुरू झालं तशी त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला आणि माझ्याकडं पाठ करून उभा राहिला.

"तोंडाकडं पाहून बोलता येत नाई मले," म्हणाला. "काम गेलं त्याचं एवढं नाई. पन आता कोन्त्या निमित्तानं येऊ डोहाकडं? मले… तुमचा आवाज आयकाची सवय होऊन राह्यली."

"इसरू, वळ."

तो वळेना.

"कपडे घातले हायेत मी."

तेव्हा तो हसला. हसतच वळला, आणि पहिल्यांदा, भर दुपारी, रस्त्यावर, त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. डोळ्यांत बघितलं, बाकी कुठं नाही. मला वाटलं मी पुन्हा पाण्यात आहे. मीच त्याचा हात धरला. तळहात खरबरीत होता. निमित्त कशाला पायजे, मी म्हटलं. नूतन म्हण, आणि ये.

"नूतन," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, नुसतंच.

याला महिना झाला. पेटी तुम्ही काढून नेलीत, ते बरं केलंत. तिच्या जागी पाटी लावलीत, 'येथे स्नान करण्यास सक्त मनाई आहे.' मंगली आत्या तिच्यावर लुगडं वाळवते.

पण माझं काम पाटीशी नाही. येत्या रविवारी आरमोरीहून माझे बाबा येणार आहेत, वामनराव. इसरूला बघायला. त्याची जात कोणती हे ते विचारणार नाहीत, तेवढं मी त्यांना ओळखते. ते विचारतील, काम काय करतोस. इसरू सांगेल, करत होतो. ते विचारतील, का सोडलं. आणि माझा हा माणूस लबाड बोलू शकत नाही, साहेब, मी शिकवून बघितलंय. खरं कारण त्याला माहीत नाही, कारण तुम्ही सांगितलेलंच नाही.

तेव्हा लिहून द्या. एक ओळ, तुमच्या सहीची, शनिवारच्या आत. इसरूला कामावरून का काढलं?