हाव राजा, बराबर!

"मले बदला पायजे!" सुवर्णाने कैरीची कोय भिंतीवर भिरकावली. "त्याच पारावर, त्याच भोंग्यावर!"

तिच्या मित्रांचा, शिवम आणि संघपालचा, विहिरीवर पोहायला जायचा बेत तिथेच बारगळला.

सुवर्णाची आई बेबीताई वरवट बकालच्या एका अंगणवाडीत सेविका होती. तिथे चिमुरड्यांसाठी खेळांचा संगणक आला होता. फळं ओळखा, आकडे जुळवा! पण त्यातली बाई पुस्तकी बोलायची आणि पोरं नुसती टकामका बघायची. मग बेबीताईंनी त्यात स्वतःचा आवाज भरला. उत्तर जमलं की, "हाव राजा, बराबर!" चुकलं की, "नाही राजा, परत एकदा!" पोरंही सोबत ओरडायची आणि ओरडता ओरडता शिकायची.

पुढे अंगणवाडी समितीचे भगवानराव दुरुस्तीच्या नावाखाली संगणक घेऊन गेले. गावसभेत म्हणाले, "बेबीताईंनी पाणी सांडलं. जळला तो!" नोकरी जाईल या भीतीने बेबीताईंनी पारावर उभं राहून भोंग्यावर साऱ्या गावाची माफी मागितली. सुवर्णा ते विसरणार नव्हती.

त्या दुपारी तिघं भगवानरावांच्या घरामागच्या गल्लीतून चालली होती. खिडकीतून आवाज आला, "हाव राजा, बराबर!"

"काकू इथं काऊन आली बे?" शिवम दचकला.

"आई तं घरी पापड लाटून राह्यली!"

तिघं टाचा उंचावून डोकावली. पुण्याहून आलेला भगवानरावांचा नातू संगणकावर आंबे मोजत होता!

"चाल, आत्ताच बोंब मारू!" संघपाल म्हणाला.

"नाही. भगवानराव म्हणीन, हा दुसरा आणला. सोमवारी सुपरवायझर मॅडम आईचा जबाब घ्यायले येऊन राह्यल्या. शिवम, त्या पोट्ट्याशी शर्यत लाव!" सुवर्णा म्हणाली.

शिवमने खिडकीतून हाक मारली, "ए, आमच्या अंगणवाडीतली तीन वर्षांची पोरं तुले हरवतीन! सोमवारी अकराले मोठ्या आवाजात लाव!"

"मी हरेन? या तर खरं!" नातू फणफणला.

सोमवारी अकराला संघपालने मॅडमना, बेबीताईंना आणि पोरांच्या रांगेला त्याच गल्लीतून नेलं. मागच्या ओट्यावर भगवानराव सुपारी कातरत बसले होते. इतक्यात खिडकी बोलली, "सांगा, कैऱ्या किती?"

"चार!" रांग गरजली.

"हाव राजा, बराबर!"

मॅडमनी वळून पाहिलं. बेबीताईंचं तोंड तर मिटलेलं! "बेबीताई, तुमचा आवाज या घरातून कसा?"

"तो... रेडिओ..." भगवानरावांच्या हातून अडकित्ता निसटला.

नातवाने डोकं बाहेर काढलं. "आजोबा, अंगणवाडीचा कंप्युटर भारी आहे हो!"

संध्याकाळी पारावर जमलेल्या गावासमोर मॅडमनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "मोठ्यांना जमलं नाही, ते तुम्ही केलंत!"

"आता जाऊ दे, पोरी," बेबीताई हळूच म्हणाल्या.

"अजिबात नाही!" सुवर्णाने भोंग्याचा माईक भगवानरावांपुढे सरकवला.

"जरासा... गैरसमज झाला..." ते पुटपुटले.

पुढच्या रांगेतली तीन वर्षांची चांगुणा ताडकन उठली. "नाही लाजा, पलत एकदा!"

पार हास्याने दणाणला. भगवानरावांचे कान लाल झाले. "मी खोटं बोललो. संगणक मीच लपवला. बेबीताई, माफ करा!"

सुवर्णाने पोरांकडे पाहून बोट उंचावलं. सगळी चिमुरडी एका दमात ओरडली,

"हाव राजा, बराबर!"