अकरावा प्रश्न

राजदीपबद्दलची पहिली वाईट बातमी मला राजदीपनेच दिली.

जानेवारीतली गोष्ट. धुळ्याला, देवपूरमधल्या एका गल्लीच्या तोंडाशी मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दारात शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी पडलेल्या, आत एक जण खाली मान घालून तांब्याची तार गुंडाळत बसलेला. मी जळगावहून सकाळच्या एसटीने आले होते, पायात नवी चप्पल चावत होती, आणि घर अजून सापडायचं होतं.

"दादा, या गल्लीत राजदीप म्हणून कुणी राहतात ना? माणूस कसा आहे?"

त्याने मान वर केली. डोळे हसरे होते. चूक माझीच... मी ते पाहिले.

"कशासाठी विचारताय?"

"लग्नासाठी."

"तुमच्या?"

"माझ्या नाही हो! एका मुलीच्या."

"मग खरं सांगायला पाहिजे," तो एकदम गंभीर झाला. "घोरतो. चहा ठेवला की उतू घालवतो, दर वेळी. आणि सिनेमात रडतो."

"दारू?"

"नाही. पण आइस्क्रीम दिसलं, की मग त्याला धरबंध नाही."

मी डायरीत सगळं लिहून घेतलं. आइस्क्रीमसुद्धा. "तुम्ही त्यांना किती वर्षांपासून ओळखता?"

"एकतीस."

तेवढ्यात गल्लीतून एका बाईची हाक आली, "राजदीप! जेवाले चाल ना रे!" आणि हा गृहस्थ "उनू, उनू" म्हणत हात पुसत उठला. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो मात्र चप्पल घालता घालता म्हणाला, "चला ताई. घर दाखवतो. माणूस तर बघून झाला."

आता हा घोळ कसा झाला ते सांगते. मी पुनम. पौर्णिमेच्या दिवशी सापडले म्हणून पुनम, बाकी माझ्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही. सुगंधाबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, जळगावात एका डाळ मिलच्या मागे दोन खोल्या घेऊन चार पोरं सांभाळायला सुरुवात केली, त्या चारांतली मी एक. त्या जानेवारीत संस्थेची चार घरं होती. जळगावला दोन, चोपड्याला एक, वरणगावला एक. धुळ्याला पाचवं होऊ घातलेलं. लोक अजूनही सगळ्यांना 'अक्काचं घर'च म्हणतात.

मोठ्या झालेल्या मुलींची लग्नं संस्थाच लावून देते, आणि मुलाचं घर तपासायचं काम माझं. तीन भेटी. पहिली सांगून, दुसरी न सांगता, तिसरी लग्नानंतर सहा महिन्यांनी. घरात शिरायच्या आधी गल्लीत विचारायचं. तपासणारीने मुलाचा फोटो बघायचा नाही, कारण चेहरा बघून मन झुकतं, असं अक्का म्हणायच्या. त्या घरचं पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. आणि शेवटी फॉर्म भरायचा. अकरा प्रश्न. दहा ऑफिसने काढलेले, अकरावा अक्कांचा.

संस्था लहान होती तेव्हा फॉर्म नव्हता. अक्का स्वतः जायच्या आणि परत येऊन आपल्या मनालाच तो एक प्रश्न विचारायच्या. घरं वाढली, अक्कांचे गुडघे गेले, तेव्हा तो प्रश्न कागदावर आला : 'तू स्वतः या घरात नांदशील का?' माझं उत्तर हो आलं, तरच मुलीच्या हातात फोटो जायचा. सात वर्षांत मी तेवीस घरं पाहिली होती. या प्रश्नाखाली दर वेळी अर्धं पान लिहायचे. सासू बरी आहे, पण... मोरी लांब आहे, तरी... असं.

राजदीपच्या घरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, ओट्यावर लख्ख घासलेली भांडी. त्याची आई, पार्वताबाई, माझ्याकडे बघून म्हणाली, "बस माय, बस. कितली उन्हातून उनी." तिने वांग्याचं भरीत वाढलं, कळण्याची भाकरी ठेवली.

"मला चालत नाही, आई. नियम आहे."

"नियम?" राजदीप म्हणाला. "भरताला नियम लावणारी संस्था मी पहिल्यांदा पाहिली."

मी खाल्लं. दोन भाकरी खाल्ल्या.

मग मी विचारलं, अक्काच्या घरातलीच मुलगी का हवी? राजदीपने आईकडे पाहिलं. पार्वताबाई म्हणाली, तिलाही लहानपणी कुणी नव्हतं, मामाकडे वाढली, रोज ताटावरून उठवली जायची. "तवा ठरायेल व्हतं. सून आनसू ते अशीच आनसू." मग तिने मला निरखून पाहिलं. "तुले कोनी शे का वं, माय?"

"नाही. मी अक्कांचीच."

"मंग आठेच ऱ्हाय ना," ती म्हणाली. इथेच राहा, इतक्या सहज, जणू पाऊस थांबेपर्यंत बस म्हणावं.

मी हसले. राजदीप हसला नाही. तो भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, आणि माझे कान तापले.

मला सोडायला तो बस स्टँडपर्यंत आला. गाडीवर मधे डायरी ठेवून मी बसले होते. "शेवटचा प्रश्न कोणता असतो?" त्याने विचारलं.

"गुप्त आहे."

"मी नापास तर नाही ना?"

"आइस्क्रीममुळे मार्क कापलेत."

"मग परीक्षा परत घ्या की... तुम्हीच."

तो गेल्यावर स्टँडच्या बाकावर बसून मी फॉर्म भरला. दहा प्रश्न झरझर भरले. अकराव्यापाशी पेन थांबलं. तू स्वतः या घरात नांदशील का? मी लिहिलं, 'हो'. पुढे काही सुचेना. पुढे काही लिहायचंच नव्हतं.

पूर्वी फॉर्म पिशवीतून जायचा. अडीच तासांचा प्रवास, मग अक्कांसमोर बसणं, त्यांचं चष्म्यावरून बघणं. आता चार घरं झाली, कामं वाढली, तर ऑफिसातल्या हितेंद्रभाऊंनी सोय केली होती. फोटो काढायचा, पाठवायचा. मी फोटो काढला, पाठवला, आणि पारोळ्यावरून जळगावला जाणाऱ्या गाडीत बसले.

पारोळा येईपर्यंत मी नुसतीच हसत होते. शेजारच्या बाईने जागा बदलली. पारोळ्यानंतर माझ्या लक्षात आलं की, आपण काय लिहिलंय. एकोणतिसाव्या वर्षी, तेवीस घरं बघून झाल्यावर, मला एक घर हवं होतं. ते घर, ती बाई, तो चहा उतू घालवणारा माणूस. एरंडोलला मी ठरवलं : जाऊन अक्कांना सांगायचं. अक्का, या वेळी मुलगी मीच. अक्का रागावतील, मग हसतील. मला माहीत होतं, त्या हसतील.

जळगावला पोचले तर फाटकातच सपना उभी.

सपना भुसावळ स्टेशनवर सापडलेली, सात वर्षांची असताना. पहिलं वर्षभर ती माझ्या खाटेखाली झोपायची. तिचे केस मी विंचरले, तिची पाळी मी सांभाळली, नर्सिंगच्या परीक्षेला मी तिच्यासोबत गेले. तीन स्थळांना नाही म्हणाली होती. कारण विचारलं की गप्प. ती आज पळत आली, पदराआडून फोटो काढला आणि म्हणाली, "ताई, मी हो म्हटलं."

फोटोत राजदीप होता. शर्टाचं वरचं बटण लावलेला, बावळट.

"तू... नीट पाहिलंस?" मी विचारलं.

"तुम्ही पाहिलंय ना," ती म्हणाली.

मला सांगता आलं असतं. सपनाने त्याला सोडूनही दिलं असतं, हूं का चूं न करता. म्हणूनच सांगता आलं नाही. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याच नशिबाला शिव्या घातल्या.

दुसरी भेट न सांगता करायची असते. मार्चमध्ये गेले. दुकानात तो एकटाच होता, आणि मला बघून हातातली तार सुटून सगळ्या फरशीवर पसरली.

"न सांगता येणार म्हणाला होतात," तो तार गोळा करत म्हणाला, "म्हणून रोज सांगितल्यासारखी वाट बघत होतो."

"घर परत बघायचंय."

"पुनम," तो म्हणाला. ताई गळून पडलं होतं. "मी अर्ज मागे घेतो. नवा करतो. मुलीच्या नावासकट."

किती दिवस हे वाक्य मी उशीत तोंड खुपसून ऐकलं होतं! आणि खरंच ऐकलं तेव्हा मी डायरी उघडून तारीख लिहू लागले.

"मुलीने हो म्हटलंय," मी म्हणाले. "सपना नाव तिचं. फोटो नर्सिंगच्या पुस्तकात ठेवते."

"मी तिला पाहिलंही नाही."

"तिने तरी तुम्हाला कुठे पाहिलंय? आमच्या भरवशावर..."

"तुमच्या की संस्थेच्या?"

मी डायरी बंद केली.

"तपासायला आलेली बाईच नवरा घेऊन गेली, असं झालं ना," मी शेवटी म्हणाले, "तर उद्या एकही घर आमच्या मुलींना दार उघडणार नाही." हे खरं होतं. पण ते कारण नव्हतं, आणि त्याला ते कळलं.

"तुम्हाला काय वाटतं, ते सांगा. फक्त तेवढंच."

"मला वाटणं माझ्या कामात बसत नाही."

बराच वेळ तो तारेचा गुंता सोडवत बसला. मग खाली बघूनच म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर भेटतो तिला."

"भेटा," मी म्हणाले. आणि दुकानातून अशी निघाले की चप्पल हातात घेऊन पळाले असते तर बरं दिसलं असतं.

खरं सांगते, तो नाही म्हणेल म्हणून मी देव पाण्यात घातले होते. जळगावला ऑफिसच्या मागच्या खोलीत ते दोघं तासभर बोलले. मी बाहेर बाकावर. आधी काही ऐकू येईना. मग सपनाचं हसू आलं. तेरा वर्षांत तिला मी असं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. मग तोही हसला. तो बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता अक्कांच्या पाया पडला, आणि मला कळलं.

वैशाखात बौद्ध पद्धतीने लग्न झालं. पांढऱ्या साडीत सपना गोड दिसत होती. मुलीकडची म्हणून सही मी केली.

नोव्हेंबरमध्ये तिसरी भेट. त्याच आठवड्यात धुळ्याचं पाचवं घर उघडलं होतं. बोअरची मोटार राजदीपने बसवून दिली होती आणि सपना तिथेच नर्स म्हणून लागली होती. अक्कांना खुर्चीवर बसवून फुगे लावून फोटो काढले. सगळे म्हणाले, संस्थेचं किती भलं झालं! झालंच होतं.

पार्वताबाईने पुन्हा भरीत केलं. सपना ओट्यापाशी, केसांत शेवंती, सासूला "आई, मीठ कमी करा" म्हणून दटावणारी. चहा राजदीपने ठेवला. उतू गेला. सपना ओरडली, तो हसला. मी कपातल्या चहाकडे बघत राहिले.

निघताना सपना मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, एक सांगू? फोटो मी नंतर पाहिला. अक्कांनी आधी तुमचा फॉर्म दाखवला. म्हणाल्या, पुनम दर वेळी अर्धं पान लिहिते, आणि आज बघ, एकच शब्द. मी त्या शब्दावरच हो म्हटलं. ताई जिथे नांदेल तिथे मी नांदेन, मग माणूस कसाही असो."

"चांगला निघाला की," मी म्हणाले.

"तुमच्यामुळे," ती म्हणाली, आणि गळ्यात पडली.

राजदीप मला स्टँडवर सोडायला आला. या वेळी गाडीवर मधे डायरी नव्हती, सपनाने दिलेला शेवभाजीचा डबा होता. बस लागलेली होती.

"सपनाने सांगितला मला," तो म्हणाला. "अकरावा प्रश्न. आणि उत्तरही."

मी पिशवी सारखी करू लागले.

"मी दुकानात विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सपनाला खूश ठेवलंय तुम्ही," मी म्हणाले. "बघितलं मी."

"आहे ती खूश." तो म्हणाला. "मीही... आहे. म्हणजे, वाईट नाही वाटत मला. हेच सांगायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका."

त्याने हे चांगुलपणाने म्हटलं. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं कडू काही दिलेलं नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून मी फॉर्म काढला. तिसऱ्या भेटीला एकच प्रश्न असतो. 'मुलगी सुखी आहे का?' मी लिहिलं, 'हो'. खरं तेच लिहिलं.

हितेंद्रभाऊंचा फोन आला, "पुनमताई, फॉर्मचा फोटो टाका ना, फाइल बंद करायचीय."

"आल्यावर देते," मी म्हणाले, "हातात."

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. फॉर्म मी मांडीवरच धरून बसले. जानेवारीत एवढा वेळ थांबले असते तर!