चौथऱ्यावरची तिरकी वाट

इटलीतल्या बोलोन्यात त्या सकाळी इतकं धुकं होतं, की मिरेल्लाला स्वतःचे बूटही धड दिसेनात. तोंडी परीक्षा तासाभरावर आलेली. नापास झाली तर शिष्यवृत्ती जाणार, शिक्षण सुटणार.

"ए, थांब... पुढे जाऊ नकोस."

धुक्यातून एक मुलगा धावत आला नि त्यानं तिची बाही धरली. मिरेल्लानं खाली पाहिलं. मोठ्या चौकातल्या चौथऱ्यावर ती चढली होती, तीही तिरकी. हा चौथरा जो विद्यार्थी तिरका ओलांडतो त्याला पदवी मिळत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"मध्यापर्यंत पोचली नव्हतीस. वाचलीस," तो म्हणाला. "मी तुल्लियो. धुक्यात तुझं पाठांतर ऐकू आलं. मीही त्याच परीक्षेला आहे."

"बाही सोड ना आता."

"सोडली असती... पण धुक्यात हरवशील."

भीतीतही तिला हसू आलं. दोघं कडेकडेनं निघाले.

परीक्षेच्या दालनात, सगळ्यांसमोर, प्राध्यापक बाईंनी तिला एका क्रियापदाचा अर्थ विचारला – 'सिन्योरेज्जारे'. मिरेल्ला आठवत आठवत सांगू लागली.

"म्हणजे हुकमत गाजवणं. बोलताना कुणी म्हणत नाही, पुस्तकातच सापडतं. सरदार मुलखावर गाजवतो. डोंगरावरचा किल्ला खालच्या गावावर. आणि... भीती मनावर."

"कुणाच्या?"

"सकाळपासून माझ्या, बाई."

दालन हसलं. बाईही हसल्या. "फक्त भीतीच?"

"जुने कवी प्रेमाबद्दलही म्हणत," ती पुटपुटली, नि नजर नेमकी तुल्लियोकडे गेली.

ती पास झाली. पुढचा नंबर तुल्लियोचा. तो पांढराफटक पडला होता.

"तू कशाला घाबरतोस?"

"तुला अडवायला मी कुठून धावत आलो, माहितेय? समोरच्या कोपऱ्यातून... तिरका, चौथऱ्याच्या मधून."

तिसऱ्याच प्रश्नाला तुल्लियो अडखळला, आणि बाईंनी त्याला पुढच्या खेपेला यायला सांगितलं.

बाहेर धुकं विरलं होतं. "झालं," तो कसनुसं हसला. "आता मी जन्मभर विद्यार्थीच."

त्याचा हात धरून मिरेल्ला चौथऱ्याच्या कोपऱ्यावर चढली.

"वेडी झालीस? तुझी पदवी..."

"खूप भीती वाटतेय मला, तुल्लियो. हात तेवढा सोडू नकोस." "जन्मभर विद्यार्थी काय तू एकटाच राहणार होतास?"

आणि ती तिरकी चालू लागली.